मोजदाद

वॉशिंग मशीनच्या रिकाम्या खोक्यात
आमच्याकडे चौदा लिटर पाणी असतं.
खोक्यावर लिहिलंय: जुने स्वेटर.
अक्षर शांतवनचं, सरळ, छापल्यासारखं.

एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढली त्यानं.
आत जाताना खिसे रिकामे,
बाहेर पडताना तेच रिकामे खिसे पुन्हा तपासायचे,
आणि एक कागद कमी भरला
की अख्खी पाळी उपाशी थांबायची,
तो सापडेपर्यंत.
तिथून त्यानं कधी टाचणीसुद्धा आणली नाही.

घरात मात्र लपवतो.
पेटीच्या भात्यामागे काड्यापेट्या, मेणकापडात;
म्हणून रविवारी गीत धरलं
की पेटी दमेकऱ्यासारखी श्वास घेते.
पडद्याच्या नळीत मेणबत्त्या.
दिवाणात, गोधडीच्या घडीत गूळ.
मुंग्यांना पत्ता लागला तेव्हा म्हणाला,
"यंदा मुंग्या फार झाल्यात गं."
मी म्हटलं, "हो ना."

कशासाठी, ते विचारलं नाही.
एकदाच झोपेत बोलला होता,
"दार लोट, त्यांना दिसेल."
कोणाला, तेही विचारलं नाही.

पैसे घड्याळाच्या पाठीत होते.
एका रात्री आठ वाजता त्यांचा नुसता कागद झाला.
महिनाभर तो जादा पाळ्या करून नव्या नोटा छापत होता
आणि मी त्याच्या जुन्या पर्समध्ये घालून
बँकेच्या रांगेत उभी होते.
पुढं कधीतरी त्यानं घड्याळ उघडलं.
आतल्या नव्या नोटा मोजल्या,
बरोबर भरल्या,
झाकण लावलं.
तेव्हापासून घड्याळ पाच मिनिटं मागं आहे.

गेल्या श्रावणात धरणातून पाणी सोडलं.
दुपारी कळलं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय,
तिन्हीसांजेला छातीला,
मग वीजच गेली, पुढचं कळलं नाही.
जेल रोडला, तिसऱ्या मजल्यावर
गोदावरी काही येत नाही.
अंधार येतो.

समोरची आम्रपाली पगारे दारात उभी,
कडेवर आठ महिन्यांची पोर, मान टाकलेली.
"काकू, सकाळपासून पोटात काही ठरत नाही हिच्या.
डॉक्टर फोनवर म्हणाले, ओआरएस द्या.
मेडिकल सगळी बंद."

सहा पुड्या. शिवणयंत्राच्या लाकडी टोपीखाली.
मला ठाऊक होतं.
त्यालाही होतं.
मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

शांतवन उठला.
"फाट्यावरचं उघडं असेल, बघतो," म्हणाला.
आतल्या खोलीत टोपीचा आवाज झाला, टक्,
आणि तो छत्री न घेता जिना उतरला.

अर्ध्या तासानं आला,
निथळत, पोटऱ्यांपर्यंत चिखल,
हातात चार पुड्या,
ठणठणीत कोरड्या.
"शेवटच्याच होत्या."
तिनं पैसे विचारले. त्यानं छापील किंमत सांगितली,
घेतले, सुट्टे परत दिले.
घेतले नसते तर तिनं विचार केला असता.

पहाटे पोरीनं रडून बिल्डिंग उठवली,
तसा तो कूस बदलून झोपला.

दर सहा महिन्यांनी, मंगळवारी,
तो चर्चच्या कमिटीला गेला की मी तारखा बघते.
जुनं काढते, तसंच नवं ठेवते,
गुळाला गूळ, पुडीला पुडी.
एप्रिलमध्ये नळीतल्या मेणबत्त्या वाकतात,
त्या देवळाली कॅम्पातून आणते,
इथल्या दुकानात नको.
त्या चार पुड्यांवर यंदाची तारीख होती.
त्यानं ठेवल्या तेव्हा तो अजून नोकरीत होता.
जिन्यात बॅटरी लावून वाचलीच असेल,
छापलेलं न वाचता सोडणारा माणूस नव्हे.

परवा मंगळवारी टोपी उघडली.
पुड्या दोन उरायला हव्या होत्या.
आठ होत्या.
आणि खाली, रिळांच्या डब्याआड,
माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या.
मी मोजल्या.
टोपी अलगद टेकवली,
टक् होऊ दिलं नाही.